सात चोविसांश आणि शून्य

लग्न ठरवताना आमच्या सातारा-सांगलीकडच्या मुलाचा बायोडाटा वाचावा. बागायती आठ एकर, दोन विहिरी, नदीवरून पाइपलाइन, कारखान्याचे सभासद, दारात ट्रॅक्टर, गावात दुमजली घर. मुलगा एकुलता एक. खाली ठळक अक्षरात : अपेक्षा काही नाही.

त्याच मुलाचे चार वर्षांनंतरचे, पोटगीच्या अर्जावरचे म्हणणे वाचावे. स्वतःच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. नोकरी नाही. वडिलांवर अवलंबून. मिळेल तेव्हा मजुरी. आई सतत आजारी.

एकुलता एक मात्र तो अजून असतो.

चार वर्षांत आठ एकर गेली कुठे? पुरात गेली म्हणावी, तर कृष्णामाईने २०१९ मध्येही एवढी सफाई दाखवली नव्हती.

जमीन कुठेही जात नाही. ती असते तिथेच असते, वडिलांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ ही तीन अक्षरे लावून. एकत्र कुटुंब मॅनेजर. सोसायटीचे पीककर्ज काढायचे असले की कुटुंब एकत्र. सोयरीक जमवायची असली की कुटुंब एकत्र. सून तारखेला उभी राहिली की कुटुंब गायब, मॅनेजर शिल्लक.

ऊस वडिलांच्या नावाने कारखान्याला जातो. बिल आईच्या खात्यावर पडते. बुलेटचा हप्ता कोण भरतो, ते विचारायचे नसते.

तासगाव-पलूसची द्राक्षबाग तर कोर्टात कायम अवकाळीतच सापडते. छाटणी वेळेवर झाली, माल निर्यातीला गेला, राहिलेल्याचा बेदाणा झाला, असे एकही वर्ष कुणाच्या म्हणण्यात आढळत नाही. हळदवाल्याचेही तेच. हरिपूरच्या पेवांत एके काळी हळद जमिनीखाली ठेवत. आता उत्पन्न ठेवतात.

आणि नवरा विटा-आटपाडीकडचा गलाईवाला असला तर बोलायलाच नको. सोने-चांदी गाळायला ही मंडळी देशभर पसरली, नाव काढले, गावाकडे बंगले बांधले. पोटगीच्या कागदावर तोच माणूस परमुलखात ‘एका दुकानात कामगार’ असतो. दुकानाच्या पाटीवर कोणाचे आडनाव आहे, हे विचारण्याइतके असभ्य आपण नाही.

शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही. कर नाही म्हणून विवरणपत्र नाही. विवरणपत्र नाही म्हणून उत्पन्न नाही. सवलत दिली होती शेतकऱ्याला; लागू पडली नवऱ्याला.

हे नाटक सर्वोच्च न्यायालयाला ठाऊक नाही असे कोणी समजू नये. ४ नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल आठवा. प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेले, म्हणजे घरचेच. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी सांगून टाकले, की पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपल्या उत्पन्नाचे आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. त्याचे नमुनेही निकालाला जोडले. शेतीवाल्यांसाठी वेगळा नमुना.

हा नमुना मन लावून वाचण्यासारखा आहे. जमीन किती, कुठे, त्यात हिस्सा किती. बागायत की जिरायत. कोणती पिके. गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न. दुसऱ्याची जमीन वाट्याने केली आहे का. म्हशी किती, गाई किती, शेळ्या-कोंबड्या किती, त्यांचे उत्पन्न किती. मधमाश्यासुद्धा सोडलेल्या नाहीत. जमिनीवर कर्ज किती. दिल्लीत बसून न्यायाधीशांनी आपला गोठा मोजला.

आणि आपण काय लिहितो? ‘लागू नाही.’

खोटे उघडे पाडायला गुप्तहेर लागत नाही. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. आठ-अ मिळतो, फेरफार मिळतो. कारखान्याकडे ऊसबिलाची नोंद असते, जिल्हा बँकेकडे कर्जाची. नवऱ्याचे उत्पन्न गावात सगळ्यांना माहीत असते. तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, सोसायटीच्या सचिवाला, दूध संकलनाच्या पोराला. माहीत नसते ते फक्त नवऱ्याला.

बायका काय सगळ्या धुतल्या तांदळाच्या? मुळीच नाही. शिकवण्या घेणारी, पार्लर चालवणारी, पगारदार असूनही ‘उत्पन्नाचे कोणतेही साधन नाही’ लिहिणारी आहेच की. प्रतिज्ञापत्र दोघांना आहे ते त्यासाठीच. फरक एवढाच, की तिचे पार्लर लपते आणि त्याचे आठ एकर लपतात.

बरे, समजा आठ एकर सापडली. मग बायकोला वाटा मिळेल?

नाही.

इथे बऱ्याच जणींची फसगत होते. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट झाला म्हणून नवऱ्याच्या इस्टेटीची फाळणी होत नाही. लग्नात दोघांना मिळून जे आले त्याची विल्हेवाट कोर्ट लावू शकते. म्हणजे कपाट, पलंग, भांडी. वारशाने आलेली जमीन वारसाचीच राहते. पोटगी ठरवताना तिचा विचार होतो, वाटप होत नाही. जमीन मोजायची, पण तोडायची नाही. मोजणी कार्यालयालाही न जमणारी कसरत.

एकदा प्रयत्न झाला होता. राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये विवाह कायदा दुरुस्ती विधेयक मंजूर केले. नवऱ्याच्या स्थावर मिळकतीतून, वारशाच्या मिळकतीचाही विचार करून, बायकोला भरपाई द्यावी असे त्यात होते. लोकसभेचे दार काही त्याला उघडले नाही. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली, विधेयक निकालात निघाले. त्यानंतर कुठल्या पक्षाला त्याची आठवण झाल्याचे ऐकिवात नाही. पक्ष कोणताही असो, उमेदवाराच्या घरी सातबारा असतोच.

शेजारी गोव्यात बघा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पोर्तुगीज वळणाच्या दिवाणी कायद्याने नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात, वारशाने आलेलीसुद्धा. संसार मोडला की निम्मी-निम्मी. आमची मंडळी दरवर्षी आंबोली घाट उतरून गोव्याला जातात. काय काय घेऊन येतात! हा कायदा तेवढा गाडीत बसत नाही.

आता सांगलीचीच गोष्ट.

खंडाप्पा मगदूम २७ जानेवारी १९६० रोजी वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. नोव्हेंबर १९६२ मध्ये हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावला, सख्ख्या मुलाविरुद्ध. दोन घरे, एक जमीन, दोन दुकाने आणि जंगम मालमत्ता. मागणी : सात चोविसांश.

मुलगा म्हणाला, एकत्र कुटुंबाची मिळकत अशी काही नाहीच. बघा, हे वाक्य तेव्हाही होते.

हिशेब असा. खंडाप्पा, पत्नी आणि दोन मुलगे यांच्यात वाटणी झाली असे धरायचे. प्रत्येकाला पाव. मग खंडाप्पांच्या पावाचे सहा वारसांत सहा भाग. हिराबाईंचा स्वतःचा पाव, अधिक नवऱ्याच्या पावातला सहावा. बेरीज सात चोविसांश. खालच्या कोर्टाने पाव कापला आणि एक चोविसांश हातावर ठेवला. मुंबई उच्च न्यायालयाने सात चोविसांश दिला. मुलगा दिल्लीला गेला. २७ एप्रिल १९७८ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी आईच्या बाजूने कौल दिला. आईची आणि मुलाची पंधरा वर्षे कोर्टात गेली, आणि वारसा कायदा शिकवणाऱ्यांना देशभर पुरेल असा धडा मिळाला : गुरुपाद विरुद्ध हिराबाई.

(आजच्या कायद्याने मुलीही जन्मतः हिस्सेदार. तेच गणित आज मांडले तर हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली, सगळ्यांना बरोबर सहावा हिस्सा येतो. अपूर्णांकसुद्धा सुधारले.)

पण माझा प्रश्न वेगळा आहे. खंडाप्पांनी वारण्याऐवजी हिराबाईंना घटस्फोट दिला असता तर? तोच संसार, तीच पाच मुले, तीच घरे, तीच दुकाने.

शून्य.

नवरा मेला तर सात चोविसांश, नवऱ्याने रीतसर सोडले तर काही नाही. वारसाच्या यादीत विधवा आहे, घटस्फोटिता नाही. आणि नुसतीच टाकून दिलेली, कागद न झालेली? ती कायद्याने पत्नीच. उद्या नवरा गेला की विधवा. म्हणजे वारस.

म्हणून तर आमच्याकडच्या म्हाताऱ्या आत्या-मावश्या दहा वर्षे माहेरी बसलेल्या पोरीला बजावतात, ‘कागदावर अंगठा देऊ नको बाई.’ आपल्याला वाटते, अडाणी, संस्कृतीच्या ओझ्याखाली दबलेल्या. छे! त्यांनी वारसा कायदा न वाचता पाठ केलेला असतो.

नवऱ्यालाही तो पाठ असतो. म्हणून तो पोटगीच्या नोटिशीला उत्तर म्हणून दुसरी नोटीस धाडतो : नांदायला ये. तोवर घरात दुसरी आलेली असते.

अशा ना सोडलेल्या ना नांदवलेल्या बायकांचा प्रश्न याच मुलखात रस्त्यावर आला. वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर, भूमिगत चळवळीत राहिलेल्या बाई. त्यांनी आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने ऐंशीच्या दशकापासून परित्यक्तांचे मोर्चे काढले. मागण्या काय? स्वतंत्र रेशनकार्ड. घराला जागा. कसायला जमीन. स्वतंत्र रेशनकार्डासाठी मोर्चा काढावा लागतो, यावरून बाकीच्या कागदांचा अंदाज करा.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी तर ‘लक्ष्मी मुक्ती’ म्हणून नवऱ्यांनाच सांगितले, की जमिनीत बायकोचे नाव लावा. १९९२ मध्ये सरकारनेही तसा निर्णय काढला, पती अर्ज करेल तर सातबाऱ्यावर पत्नीचे नाव. पती अर्ज करेल तर! या अटीत सगळे आले.

आता मुलांकडे वळू. कारण नवरा-बायकोचा घटस्फोट होतो, बापलेकांचा होत नाही. ही गोष्ट इतकी साधी आहे की वकील सांगायला विसरतात.

मामाच्या गावात दुसरीत शिकणारी पोरगी घ्या. महाराष्ट्राने १९९४ मध्येच लग्न न झालेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हिस्सेदार केले. केंद्राला त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ उजाडावा लागला. पुढे विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंकाच मिटवली : हक्क जन्माने येतो, बाप तेव्हा जिवंत होता की नव्हता हा प्रश्न नाही. म्हणजे ज्या एकत्रातल्या आठ एकरांत बापाचे ‘काही नाही’, त्यात या दुसरीतल्या पोरीचे आहे.

बाप भूमिहीन, पोरगी बागायतदार!

ती अज्ञान आहे म्हणून थांबायचेही कारण नाही. आई तिच्या वतीने वाटपाचा दावा लावू शकते. पोरीचे हित त्यात आहे एवढे कोर्टाला पटले पाहिजे. किती जणी लावतात? पोटगीच्या तीन हजारांसाठी वर्षानुवर्षे तारखा करणाऱ्या शंभर दिसतील, पोरीच्या हिश्शासाठी दावा लावणारी शोधावी लागेल. नवऱ्याचे वकील यासाठी देवाचे आभार मानत असतील.

आणि तो फारकतीचा कागद! पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर लिहिलेला. एकरकमी अमुक रुपये मिळाले, पोटगीबाबत तक्रार नाही, आणि शेवटी ठरलेले कलम : ‘मुलांचा मिळकतीत कोणताही हक्क-हितसंबंध राहणार नाही.’ खाली आईची सही, पंचांच्या सह्या, सरपंचाची सही. मुलाची सही कुठे आहे? तो तेव्हा पाळण्यात होता. आईने आपली पोटगी सोडली म्हणून पोराची सुटत नाही, आणि त्याचा जन्माचा हिस्सा तिच्या सहीने जात नाही. पंचांना हे सांगणार कोण? चहा प्यायला सगळे जातात.

एक मेख मात्र आहे, ती लपवून चालणार नाही. आपण जिला सरसकट वडिलोपार्जित म्हणतो, ती प्रत्येक जमीन एकत्र कुटुंबाची नसते. आजोबांची स्वकष्टाची जमीन १९५६ च्या वारसा कायद्यानंतर, मृत्युपत्राविना, वारसाने बापाकडे आली असेल, तर ती बापाची स्वतंत्र मिळकत ठरते. चंदर सेन प्रकरणात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे सांगितले आहे. तिथे नातवाला जन्मतः काही नाही. बाप जाईपर्यंत वाट बघायची. पण मग गंमत बघा. ती जमीन बापाची स्वतःची, तर पोटगीच्या हिशेबात ती संपूर्ण त्याचीच धरायला हवी. एकत्राची असेल तर पोराचा हिस्सा आहे, स्वतःची असेल तर पोटगी वाढते. दोन्हीपैकी एक काहीतरी असणारच ना?

म्हणण्यात दोन्ही नसते.

तिच्या माहेरच्या जमिनीचे काय, हा पुढचा डाव. इथे नवऱ्याची शोधक बुद्धी एकदम जागी होते. स्वतःचा सातबारा न सापडणारा माणूस सासऱ्याचा सातबारा गट नंबरासकट कोर्टात हजर करतो : ‘अर्जदारास माहेरी जमिनीत हिस्सा आहे, सबब पोटगीची गरज नाही.’

हिस्सा असतो खराच. सातबाऱ्यावर, पूर्वी बहिणींची नावे जिथे टाकत त्या ‘इतर हक्क’ रकान्यात. विहिरीचा हिस्सा आणि सोसायटीचा बोजा यांच्या शेजारी. पीक भाऊ काढतो. कायदा ‘स्वतंत्र आणि पुरेशा उत्पन्ना’ची गोष्ट करतो, नावाची नाही. आणि बहुतेक वेळा नावही उरलेले नसते. लग्न झाल्या झाल्या दुय्यम निबंधकाकडे नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतलेली असते. मोबदला : साडीचोळी आणि दिवाळीला यायची मोकळीक. तीच बहीण सोडलेली म्हणून परत आली, की भावाला घर लहान वाटू लागते.

सासरी हक्क नाही कारण घटस्फोट झाला, माहेरी हक्क नाही कारण लग्न झाले.

तिने स्वतः कमावले तर? तिथेही सावध. हिंदू बाई मृत्युपत्र न करता आणि मूल नसताना गेली, तर तिच्या कमाईवर पहिला हक्क नवऱ्याचा, तो नसेल तर त्याच्या वारसांचा. २००९ मध्ये ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या प्रकरणात नेमके हेच झाले. नवरा गेल्यावर सासरच्यांनी हाकललेली, माहेरच्यांनी शिकवून उभी केलेली बाई. तिच्या पश्चात तिची कमाई सासरकडे गेली. हाकलून दिलेल्या सुनेचा पैसा मात्र घरचा निघाला. कागद न करता नुसतीच वेगळी राहणारी, मूलबाळ नसलेली कमावती बाई आज गेली, तर वीस वर्षे न विचारणारा नवरा उद्या वारसनोंदीला हजर.

हुशार नवरा एवढ्यावर थांबत नाही. नोटीस आली की आपला हिस्सा भावाच्या नावे बक्षीसपत्र करून देतो आणि मिशीवरून हात फिरवतो. त्याला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा कोणी दाखवलेला नसतो. ज्या मिळकतीच्या उत्पन्नातून कोणाला पोटगीचा हक्क आहे, ती फुकटात दिली, तर घेणाऱ्याकडूनही पोटगी मागता येते. विकत घेणाऱ्याला माहीत असेल तरीही तेच. भावाला जमीन मिळते, वर वहिनीची पोटगी बक्षीस.

शिवाय घटस्फोटानंतरच्या कायमच्या पोटगीसाठी कोर्ट नवऱ्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवू शकते. हिंदू विवाह कायदा, कलम २५, सन १९५५. सत्तर वर्षे झाली. सोसायटीचा बोजा सातबाऱ्यावर असतो, बँकेचा असतो, तगाईचे जुने बोजेसुद्धा असायचे. पोटगीचा बोजा असलेला सातबारा वाचकांपैकी कोणी पाहिला असेल तर कळवावे. मागितल्याशिवाय कोर्ट देत नाही, आणि अर्जात तो मुद्दा टाकायला फी वेगळी लागत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते. सातारा, सांगली त्याच्याच कक्षेत. पूर्वी ‘हायकोर्टात जातो’ म्हटले की पोरीचा बाप मुंबईच्या गाडीभाड्याच्या विचाराने तडजोडीला यायचा. आता हायकोर्ट एसटीच्या टप्प्यात आले. धमकी स्वस्त झाली, तसे तिला घाबरणेही कमी व्हायला हरकत नाही.

शेवटचा हुकमी पत्ता मृत्युपत्राचा. ‘सगळी जमीन दुसरीच्या पोरांच्या नावे करून जाईन, बघतोच.’ बघावे. दुसरी बायको पहिलीच्या हयातीत, कागदाविना आणलेली असेल, तर ती स्वतः वारस नाही. तिची पोरे मात्र बापाच्या हिश्शापुरती वारस आहेत. १ सप्टेंबर २०२३ चा रेवणसिद्धप्पा निकाल, सीमेपलीकडच्या कर्नाटकातून आलेला. त्या पोरांचा दोष काय, हे कोर्टाचे म्हणणे, आणि ते खरेच आहे. पण जमीन कोणाच्याही नावे केली तरी १९५६ चा पोटगी कायदा तिच्या मागे येतो. पहिलीची अज्ञान मुले, लग्न न झालेली मुलगी यांना वाटा मिळाला नसेल, तर इस्टेट ज्यांच्या हाती गेली त्यांनी तिच्यातून त्यांना पोसायचे.

म्हणजे जिवंतपणी मजुरी करून ज्याला महिना तीन हजार जमत नव्हते, तो मेल्यावर नियमित पोटगी देऊ लागतो.